बॅच म्हंजे कोण?

स्नेहमेळावा. हा शब्द कुणी काढला ठाऊक नाही, पण मोठा चलाख शब्द आहे. स्नेह आधी होताच असं धरून चालायचं, आणि मग मेळावा भरवायचा. चाळीस-पन्नास वर्षांनी कॉलेजात परत यायचं. ज्या बाकांवर बसलो त्याच बाकांवर पुन्हा टेकायचं. थकलेल्या सरांना शाल-श्रीफळ द्यायचं. कुणीतरी खोटी खोटी हजेरी घ्यायची आणि साठी उलटलेल्यांनी 'यस सर' म्हणून खिदळायचं. मग जेवण, मग फोटो. हल्ली गावोगाव ह्याचं पीक आलंय. आधी व्हाट्सॅपवर ग्रुप निघतो, मग वर्गणी, मग फेटे.

आपल्या पोरांत ह्यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, ज्यांनी आपल्याला माणसात धरलं नाही त्यांच्या पंगतीला जायचं कशाला, बहिष्कार टाका. दुसरा म्हणतो, जाऊ द्या राव, इतकी वर्षं झाली, जग बदललं. दोघं तावातावानं भांडतात. पण जायचं की नाही, हा प्रश्नच मला दुय्यम वाटतो. खरा प्रश्न असा की तिथं जो जातो तो कोण? पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा पोरगा आणि आजचा हा पांढऱ्या केसांचा माणूस, हे दोघं एक का दोन? एक असतील तर त्या पोराच्या खात्यावरचं सगळं ह्या माणसाच्या अंगावर येतं. दोन असतील तर मग हा माणूस कुणाच्या आठवणी काढून गहिवरतोय?

हा काही रिकामटेकड्यांचा प्रश्न नाही. माझ्यापुढं तो कसा आला ते सांगतो.

मी मोताळ्याचा. १९७८ साली जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात बी. ए. ला नाव घातलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. एकाचं नाव सांगितलं की बाकीची सुटतात. त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. आम्ही वऱ्हाडातले, शिवेवरचे. आमच्या कॉलेजचा त्या विद्यापीठाशी कागदोपत्री काडीचा संबंध नव्हता. बुलडाण्याची कॉलेजं तेव्हा नागपूर विद्यापीठाखाली होती, अमरावती विद्यापीठ झालं ते १९८३ साली. तरी त्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सरकारचे जावई'. खाली आमची नावं. एक, दोन, तीन, नंबर टाकून. वर्ग हसला. सर आले, त्यांनी वाचलं, डस्टरनं पुसलं आणि म्हणाले, "हं, कुठवर आलो होतो आपण?"

त्या यादीत दुसरं नाव माझ्या दोस्ताचं होतं. मोताळ्याकडचाच. आम्ही एका खोलीत राहायचो, एका खानावळीत जेवायचो. दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिप काही वेळेवर आली नाही, खानावळवाल्यानं ताट बंद केलं, आणि दिवाळीला घरी गेलेला दोस्त परत आलाच नाही. मलकापूरला जिनिंगवर रुईच्या गाठी उचलायला लागला. पुढं कधीमधी भेटला तर मी त्या फळ्याचा विषय काढायचो. तो म्हणायचा, "बोर्डानं कोनी जात नसते बाप्पा. मी त खानावळीच्या उधारीनं गेलो."

तेही खरंच. पण ताट बंद झालं तेव्हा अख्ख्या वर्गातून एकानंही त्याला विचारलं नाही, की बाबा तू जेवतोस कुठं? जावयाला कशाला कोण विचारतं? जावई तर सासऱ्याच्या घरी खातो ना! फळ्यावरचं अक्षर डस्टरनं पुसलं जातं, पण डोक्यात बसलेलं अक्षर असं काम करतं. खानावळीची उधारी आणि तो फळा ही दोन वेगळी कारणं आहेत असं मला वाटत नाही.

आता ग्रुप निघालाय. २०२८ ला आम्ही कॉलेजात आलो त्याला पन्नास वर्षं होतील, म्हणून आत्तापासून तयारी. ग्रुपवर जुन्या आठवणी सुरू झाल्या. कुणी कॅन्टीनच्या भज्यांची काढली, कुणी राजूर घाटात बंद पडलेल्या एस्टीची. मी फळ्याची काढली. शिवी दिली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, जे घडलं तेवढंच लिहिलं. दिवसभर ग्रुप गप्प. संध्याकाळी एकानं लिहिलं, "तेव्हा आपण पोरं होतो. जुनं उगाळू नये." आणि एक रिटायर झालेले प्राध्यापक आहेत आमच्यात, त्यांनी जरा वरच्या पट्टीत सांगितलं, "तुमच्याच बुद्धानं शिकवलंय ना, सगळं अनित्य आहे, कायमचा आत्मा वगैरे काही नाही. मग तेव्हाचा मी आज उरलोय कुठं? तुम्ही भांडताय कुणाशी?"

मित्रांनो, हे वाक्य नीट बघा. आपलंच हत्यार आपल्यावर. आणि वरवर बघितलं तर बिनतोड. ह्याला चिडून उत्तर देता येत नाही, विचारच करावा लागतो.

उत्तर शोधायला लांब जायला नको. बुलडाण्याहून धाडमार्गे जी एस्टी जाते तिच्या टोकाला आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हातून कोनशिला बसली. म. भि. चिटणीस पहिले प्राचार्य. त्या परिसराचं नाव नागसेनवन आणि कॉलेजचं नाव मिलिंद. ही नावं बाबासाहेबांनी उगाच कानाला गोड लागतात म्हणून दिलेली नाहीत. एक ग्रीक राजा, मिनँडर, पालीत मिलिंद. एक भिक्षू, नागसेन. राजा प्रश्नांवर प्रश्न टाकतो, भिक्षू उत्तरं देतो, आणि दोघांत बरोबरीनं वाद होतो. हा 'मिलिंदपञ्ह'. शिकायचं कसं, हे बाबासाहेबांनी पाटीवरच लिहून ठेवलं.

त्या ग्रंथात आमच्या प्राध्यापकांचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी येऊन गेलाय. राजा विचारतो, आत्मा नाही म्हणता, मग केलेल्या कर्मातून माणूस सुटलाच की! नागसेन म्हणतो, समजा एकानं दुसऱ्याचे आंबे चोरले. मालकानं त्याला धरून राजापुढं आणला. चोर म्हणाला, महाराज, ह्यानं जमिनीत लावले ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे, मी ह्याचं काहीच घेतलं नाही. तर तुम्ही त्याला सोडाल? राजा म्हणतो, नाही सोडणार. का? कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यातूनच आले.

दुसरा दाखला दिव्याचा. एकजण माडीवर दिवा लावून जेवतो, दिव्यानं छप्पर पेटतं, छपरानं घर, घरानं गाव. गावकरी धरतात तर म्हणतो, मी ज्या ज्योतीच्या उजेडात जेवलो ती वेगळी, गाव जाळलं ती आग वेगळी. १९७८ च्या मराठवाड्यानंतर हा दाखला आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे नागसेन काय सांगतो? माणूस तोच राहत नाही, हे खरं. पण तो पार दुसराही होत नाही. दुधाचं दही होतं, त्याला कुणी दूध म्हणणार नाही. पण ते दुसऱ्या कुणाच्या म्हशीचं आहे असंही कुणी म्हणणार नाही. अनित्यता म्हणजे डस्टर नव्हे.

इथं एक सांगून ठेवतो, नाहीतर आपलेच लोक मला धरतील. मी मागच्या जन्माच्या हिशोबाबद्दल बोलत नाही. तू गरीब आहेस कारण मागल्या जन्मी पाप केलंस, ही थाप बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये साफ फेटाळलीय, आणि ज्याला जगात काही बदलायचं आहे त्यानं ती फेटाळलीच पाहिजे. मी एकाच जन्माचं बोलतोय. विसाव्या वर्षापासून पासष्टाव्या वर्षापर्यंतचं. ह्या पंचेचाळीस वर्षांत कुणी मरून परत आलेलं नाही. आधार कार्ड एकच आहे.

आणि गंमत बघा. हेच प्राध्यापक दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहितात, "मी तोच, बरं का मित्रांनो, वॉलीबॉलचा कॅप्टन!" वॉलीबॉलच्या वेळी मी तोच, फळ्याच्या वेळी मी वेगळा. आठवणीतली साय तेवढी काढून घ्यायची, खालचं दूध नासलं तर ते दुसऱ्याचं. स्नेहमेळाव्याला माझा विरोध इथं आहे, जेवणाला नाही. मी ह्यांच्याकडं सूड मागत नाही. साठीतल्या माणसाला विशीतल्या चुकीसाठी वर्गाबाहेर उभं करा, असं मी म्हणत नाही. आंब्याचा मालकसुद्धा चोराचं मुंडकं मागत नाही. हे आंबे ह्याचे होते, एवढं राजानं कबूल करावं म्हणतो.

पण पोरांनो, नागसेनाचा तर्क एकाच बाजूला कापत नाही. आता आपल्याकडं वळतो.

आपल्याही लोकांचे मेळावे होतात. जुन्या वसतिगृहांचे, आपल्या कॉलेजांचे. तिथं फळा नसतो, टोमणा नसतो. 'जय भीम' होतो, मिठ्या पडतात. साहेब गाडीतून उतरतात, झाडाखाली उभे राहतात, डोळे पुसतात. म्हणतात, ह्या झाडाखाली मी उपाशीपोटी अभ्यास केला. खरं असतं ते. मी त्या अश्रूंची टर उडवणार नाही. पण तो उपाशी पोरगा तुम्हीच असाल, तर त्या पोराला ज्यांनी जेवू घातलं त्यांचं देणंही तुमच्याच खात्यावर आहे. एक सीलिंग फॅन देऊन त्याच्या पात्यांवर आपलं नाव रंगवलं की ते फिटतं का? १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलचं दुःख भर सभेत बोलून दाखवलं. ते शिकलेले म्हणजे फळ्यावर लिहिणारे नव्हते. आपलेच होते. "तो काळ वेगळा होता, आता व्याप वाढले," असं आपला साहेब म्हणतो तेव्हा तोही आंबेचोराचीच वकिली करतो, भले फोटो बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी काढो.

आता बॅचचं. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? चाक म्हणजे रथ? राजा नाही नाही म्हणत जातो. सगळे भाग मिळून जे चालतं त्याला आपण रथ हे नाव देतो, एवढंच. मग बॅच म्हणजे काय? आमच्या ग्रुपवरची यादी १९८१ च्या निरोपसमारंभाच्या फोटोवरून केलीय. फोटोत जे उभे, ते बॅच. माझा दोस्त फोटोत नाही. पहिल्या वर्षानंतर लग्न लावून दिलेल्या पोरी फोटोत नाहीत. नापास होऊन नांगराला गेलेले नाहीत. जे चाक मधेच निखळलं ते रथाचं नव्हतंच म्हणायचं!

मी विचारलं, पन्नास वर्षं कशी मोजली? १९७८ पासून, म्हणाले, म्हणजे नाव घातल्यापासून. पास झाल्यापासून मोजली तर २०३१ उजाडेल, तोवर किती जण राहतील! मी म्हणालो, मग वर्षं प्रवेशापासून मोजता आणि माणसं निकालापासून मोजता, हे कुठलं गणित? ह्याला उत्तर आलं नाही. एकानं लिहिलं, "अरे, हा कार्यक्रम आहे, चौकशी आयोग नाही." तिघांनी त्याला अंगठे दिले. पण एका बाईंनी, त्या आपल्यातल्या नव्हेत, मला वेगळा फोन केला. म्हणाल्या, माझी बाकावरची मैत्रीण पहिल्या वर्षानंतर दिसलीच नाही, तिचंही नाव घ्या.

मग दोस्ताकडं गेलो. जिनिंग सुटून जमाना झाला, आता मोताळ्यातच असतो, नातवाला शाळेत सोडतो. म्हणालो, तुझं नाव बॅचच्या यादीत घालतोय. हसला. "मी कायचा बॅचमंधला? मी त आर्ध्यातून गेलो." मी म्हणालो, फळ्यावर तुझा नंबर दुसरा होता, तेव्हा तू बॅचमधला होतास ना? बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "वर्गणी किती हाये?"

पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचं रजिस्टर मिळवायला मी कॉलेजकडं अर्ज दिलाय. नावं मिळाली तरी माणसं मिळणं सोपं नाही. बापयांची गावं असतात, बायांची आडनावं बदललेली असतात. त्यांना माहेरच्या गल्लीत जाऊनच विचारावं लागतं. आम्हाला आठवतात तेवढी मोताळा तालुक्यातली नावं मी आणि दोस्तानं मिळून लिहून काढलीत. मलकापूर, नांदुऱ्याकडची बाकी आहेत. तिकडचे कुणी हा अंक वाचत असतील तर त्यांनी आपापल्या गावात विचारावं, १९७८ ला कॉलेजात कोण कोण गेलं होतं. कोण पास झालं ते विचारू नये.