किती पीस?

आज सकाळी आईच्या निळ्या कुडत्याला इस्त्री करत होते. काखेखालच्या शिवणीशी एक बारीक भोक बोटाला लागलं. आधी वाटलं, कसर लागली. मग आठवलं, दुकानात असताना तिथे टॅग होता. राखाडी प्लॅस्टिकचा, पेढ्याएवढा. बिलिंग काउंटरवरच्या मुलाने तो काढला आणि पिनेचं भोक मागे राहिलं. धुऊन धुऊन कापड मऊ झालं, रंग उतरला, भोक काही बुजलं नाही. इस्त्री उभी करून ठेवली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

आईने आयुष्यभर पाचवारी नेसली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जिन्यात निऱ्या पायात येऊ लागल्या, तेव्हा एकाहत्तराव्या वर्षी ती कुडत्यावर आली. आम्ही कुडते घ्यायला गेलो, ट्रायल रूम नावाची जागा तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. दाराशी विशीतली एक मुलगी उभी होती. "किती पीस, आजी?" "तीन." तिने तीन आकडा असलेलं प्लॅस्टिकचं टोकन आईच्या हातात दिलं. आईने ते बँकेतल्या पितळी बिल्ल्यासारखं मुठीत घट्ट धरलं आणि आत गेली.

साडी सोडायची, कुडता घालायचा, तो काढायचा, दुसरा घालायचा, मग पुन्हा निऱ्या घालून साडी नेसायची, आणि हे सगळं दीड हात जागेत, एका गुडघ्यावर भार न देता. पंचवीस मिनिटं लागली. बाहेर आली ती दोन कुडते घेऊन. मुलीने मोजले, पुन्हा मोजले, आत डोकावून पाहिलं. तिसरा दिसेना. मी पलीकडे दुपट्टे बघत होते. वळून पाहिलं तेव्हा सुपरवायझर आणि सिक्युरिटीचा माणूस आईच्या दोन्ही बाजूंना उभे होते आणि आईची पर्स काउंटरवर रिकामी होत होती. बीपीच्या गोळ्या. किल्ल्यांचा जुडगा. गणपतीच्या अंगाऱ्याची पुडी. घडी घातलेला रुमाल. रांगेतल्या चार बायका बघत होत्या. आई काहीच बोलत नव्हती. आपल्या वस्तू परक्या हातांतून एकेक खाली ठेवल्या जाताना ती नुसती बघत होती.

खोलीचं दार आतल्या बाजूला उघडत होतं आणि उघडलं की हूक दारामागे झाकला जात होता. मी आत जाऊन दार लावलं. तिसरा कुडता, हाच निळा, हुकाला लटकत होता.

चोऱ्या होतात, हे मला ठाऊक आहे. आतल्या आत एकावर एक दोन टॉप घालून निघून जाणारे लोक असतात, टॅग कापून तुकडे आरशामागे खोचणारे असतात. छोट्या दुकानदाराचा एका ड्रेसमागचा नफा इतका बारीक असतो की गेलेला एक ड्रेस भरून काढायला पुढचे कितीतरी विकावे लागतात. त्याने माल सांभाळायचाच. माझी तक्रार मोजण्याबद्दल मुळीच नाही.

माझ्या लहानपणी लक्ष्मी रोडवरच्या कापडदुकानात माल मोजावा लागत नसे. पांढऱ्या चादरीची गादी, लोड, आपण चप्पल काढून बसायचं आणि दुकानातला माणूस एकामागून एक घड्या उलगडत जायचा. लुगडी आपल्याकडे यायची, आपण लुगड्यांकडे जात नसू. पंचवीस साड्या पसरल्या तरी शेवटी त्याच हातांनी त्या घड्या घातल्या जायच्या. अंगाला येतं का ते शिंपी बघायचा. पुढे माल उघड्या हँगरवर आला, हवं ते हाताने काढून घ्यायची मोकळीक मिळाली, आणि दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यामधला तो उलगडणारा माणूस गेला. मला ही मोकळीक आवडते. कोणी तोंडाकडे बघत नसताना महागडी साडी हातात घेऊन नुसती परत ठेवता येते, हे पैसे मोजून खर्च करणाऱ्या बाईला किती मोठं वाटतं ते मी अनुभवलं आहे. पण त्या माणसाच्या जागी राखण आली.

१९६०च्या दशकात अमेरिकेत आर्थर मिनासी आणि रॉनल्ड असाफ यांनी, स्वतंत्रपणे काम करत, मालावर खुणेची चकती लावायची आणि दारात ती ओळखणारं यंत्र ठेवायचं ही पद्धत रुजवली. असाफ हे ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी एका सुपरमार्केटचे व्यवस्थापक होते. चोर डोळ्यांदेखत निसटण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. आज आपल्याकडच्या दुकानांच्या दारात जे दोन खांब दिसतात ते याच घराण्यातले. त्यातल्या एका जातीचं काम समजून घेतलं तेव्हा मी थक्क झाले. टॅगच्या पोटात विशिष्ट धातूची पातळ पट्टी असते. दारातला खांब सेकंदाला ५८ हजार कंपनांचा चुंबकीय ठोका देतो आणि क्षणभर गप्प होतो. त्या ठोक्याने ही पट्टी थरथरते आणि ठोका थांबल्यावरही थरथरतच राहते, शाळेतल्या प्रयोगशाळेतल्या नादकाट्यासारखी. खांब त्या शांततेत कान देऊन असतो. आपल्याला यातलं काहीच ऐकू येत नाही. पट्टीचं उत्तर आलं तरच दार ओरडतं.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. खांब कपड्याला विचारतो. समोरून कोण जातंय, चपला कसल्या आहेत, भाषा कुठली आहे, हे त्याला दिसतच नाही. ट्रायल रूमच्या दाराशी मात्र माणूस उभा असतो, आणि माणूस चेहरा वाचतो.

आपल्या मराठीत या चोरीला उचलेगिरी म्हणतात. हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळते, कारण आपण तो एका जमातीचं नाव करून ठेवला आहे. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आलं, दुसऱ्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि मराठी वाचकाला कळलं की जन्माला येताच चोर ठरवलेल्या मुलाचं बालपण कसं असतं. इंग्रजांनी १८७१मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारताने १९५२च्या ऑगस्टमध्ये तो शिक्का पुसला. कागदावरून पुसला. फासेपारध्यांची बाई पोराला घेऊन एखाद्या चकचकीत कपड्यांच्या दुकानात शिरली, तर तिला "किती पीस?" हा प्रश्न विचारण्याआधीच मागे माणूस लागतो. माझ्या आईला तो प्रसंग एकदा सोसावा लागला. त्या बाईच्या वाट्याला तो प्रत्येक दारात येतो, आणि तिसरा कुडता हुकावर सापडला म्हणून तिला सॉरी म्हणणारंही कोणी नसतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी रागाने कायदा उघडून बसले. पोलिसांनासुद्धा एखाद्या स्त्रीची झडती घ्यायची झाली तर ती दुसऱ्या स्त्रीनेच, शालीनतेचं काटेकोर भान ठेवून घ्यावी, असं आपली फौजदारी प्रक्रिया सांगते. जुन्या संहितेत ते कलम होतं, २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. नव्या न्याय संहितेत तर आणखी एक माणुसकीची तरतूद आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांहून कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे ज्याने खरोखर एखादा कुडता उचलला त्यालाही कायदा तुरुंगाऐवजी समाजात परतायची वाट देतो. ज्याने काहीच उचललं नाही त्याची पर्स चार लोकांसमोर उलटी करायचा अधिकार कुठल्या कलमात आहे ते मी शोधत राहिले. मला ते सापडलं नाही.

राखणीची नजर किती आत जाऊ शकते, याचा धडा गोव्याने दिला. २०१५च्या एप्रिलमध्ये कांदोळीतल्या एका दुकानात त्या वेळच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी खरेदीला गेल्या होत्या. तिथल्या एका कॅमेऱ्याचा रोख ट्रायल रूमकडे असल्याचं लक्षात आलं, पोलिसांत तक्रार झाली, कर्मचाऱ्यांना अटक झाली. तो कॅमेरा दुकानावर लक्ष ठेवण्यासाठीच होता, असं कंपनीचं म्हणणं होतं. मंत्रीबाई होत्या म्हणून देशभर बातमी झाली. त्यानंतर कित्येक महिने माझ्या ओळखीच्या मुली ट्रायल रूममध्ये शिरल्या की आधी छताचे कोपरे बघायच्या, आरशाला बोट लावून बघायच्या. स्त्रीचं तिच्या खासगी क्षणी चोरून चित्रण करणं हा २०१३पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी किमान एक वर्षाची कैद आहे. आणि तरी दार लावल्यावर पहिली नजर आरशातल्या आपल्या रूपाऐवजी छताकडे जाते, हे मला फार लागतं. नवा कपडा अंगाला लावून बघण्यातला आनंद तो किती! पोरगी एक गिरकी घेते, त्यासाठी ती खोली असते.

पण आज इस्त्री बाजूला ठेवून मी बसले ती त्या टोकन देणाऱ्या मुलीच्या आठवणीने.

आम्ही जिना उतरत होतो. आई एकेक पायरी, कठडा धरून. ती मुलगी मागून धावत आली. "मावशी, राग नका मानू. पीस कमी आला तर आमच्या पगारातनं जातो." मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "आमच्या पण बॅगा रोज रात्री तपासतात. डबासुद्धा उघडून दाखवावा लागतो." एवढं बोलून ती पळाली, दाराशी कोणी नाही हे सुपरवायझरला दिसलं असतं तर तेही तिला भोवलं असतं.

तोवर माझा सगळा राग तिच्यावर होता. त्या वाक्यानंतर तो तिच्यावर ठेवता आला नाही. सकाळी दहापासून रात्री साडेनऊपर्यंत ती दारात उभी. बसायला स्टूल नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी नुसतं बसायला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा कुठे २०१८मध्ये तिथला कायदा बदलला. तामिळनाडूने २०२१मध्ये तसाच कायदा केला. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांचे कपडे मोजायचे आणि रात्री मागच्या दाराने निघताना स्वतःला मोजून घ्यायचं. तो वेळही तिचाच जातो, शेवटची बस त्यातच सुटते. कॅलिफोर्नियात अ‍ॅपलच्या दुकानांतले कर्मचारी याच प्रश्नावर न्यायालयात गेले आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या फेब्रुवारीत सांगितलं की बॅग तपासून घ्यायला थांबलेला वेळ हा कामाचाच वेळ आहे, त्याचा पगार द्या. आपल्याकडे पगारातून माल वजा करायचा तर आधी त्या कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, त्याच्याच हलगर्जीपणामुळे नुकसान झालं हे दिसावं लागतं, आणि वजावट नुकसानापेक्षा जास्त असता कामा नये; हे १९३६च्या वेतन कायद्यात होतं आणि आजच्या वेतन संहितेतही आहे. त्या मुलीला हे कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मी तरी कुठे सांगितलं? जिन्यात तिला एवढंच म्हणाले, "जा बाळा, काही नाही." नावही विचारायचं राहिलं.

दार आत उघडतं आणि हूक झाकला जातो, हे त्या दुकानात कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. हूक समोरच्या भिंतीवर ठोकला असता तर आईची पर्स बंद राहिली असती आणि त्या मुलीला जिन्यात धावत यावं लागलं नसतं. एक खिळा आणि पाच मिनिटं.

परवा आईला पुन्हा एक कुडता घ्यायचा होता. दुकान दुसरं, दाराशी मुलगी दुसरी. आई दोन पीस घेऊन गेली. आतून तिचा आवाज येत होता, "एक... दोन...", कपडे चाचपून मोजत होती. बाहेर आली, दोन्ही कुडते आणि टोकन मुलीच्या हातात ठेवलं, आणि कोणी काही न म्हणता पर्सची चेन उघडून तिच्यासमोर धरली.

मुलगी आधी गोंधळली. मग तिने हातातले कुडते खांद्यावर टाकले, आईची पर्स हलकेच आपल्याकडे ओढली, आत न बघता चेन लावली आणि पट्टा आईच्या खांद्यावर नीट अडकवला.

"जिना सांभाळून उतरा, आजी," ती म्हणाली.