कामापुरती धार

चाकू घ्यायचा आहे, रोज जवळ बाळगता येईल आणि डोंगरात अडीनडीला उपयोगी पडेल असा. ठीक आहे. किमती, चित्रं आणि लोकांची मतं थोडा वेळ बाजूला ठेवा. निवांत बसा, उजवा हात मांडीवर उघडा ठेवा आणि त्याला विचारा, गेल्या आठवड्यात पातं कशाकशाला लागलं?

घाई नको, आठवू द्या. पार्सलची चिकटपट्टी. दुधाची पिशवी. शिवणीतून लोंबणारा दोरा. प्रवासात कापलेला पेरू. या यादीत तीन बोटांपेक्षा लांब पात्याचं काम किती वेळा आलं? आता डोंगरात चला. पावसाळ्यात घणसोलीजवळचा गवळीदेव किंवा सुट्टीतला राजमाची. तिथे दोरी कापायची, पट्टी फाडायची, भिजलेली काटकी सोलून आतला कोरडा गाभा काढायचा, काकडी चिरायची. चार इंचांच्या पात्यात हे सगळं भागतं. झाडं तोडत वाट काढणं सिनेमात असतं. खऱ्या रानात पायवाट असते, आणि ती चुकली तर पातं नाही, डोकं कामी येतं.

आता मन तळवलीत आणा. घणसोली आणि रबाळ्याच्या मधलं, ठाणे-बेलापूर रस्त्याजवळचं हे गाव. 1970 साली सिडको स्थापन झाली, नवं शहर उभं राहू लागलं. त्याआधी या पट्ट्यात भाताची खाचरं होती, खारे बांध होते, पलीकडे खाडी. आगरी घरात प्रत्येक कामाला वेगळं हत्यार असे: भात कापायला विळा, लाकूडफाट्याला आणि नारळाला कोयता, मासळी आणि भाजीला विळी. सगळ्यात भारी कोणतं, असा प्रश्न तिथे कुणी विचारत नसे. विचारलाच तर म्हातारी उलट विचारील, “कशाला पायजे?” या प्रश्नाशी जरा थांबा. आपली निवड बहुतेक वेळा इथेच चुकते, कारण आपण चाकू कामासाठी नाही, आपल्या मनातल्या भीतीसाठी किंवा ऐटीसाठी शोधत असतो. सोन्याची सुरी असली म्हणून कुणी उरात मारून घेत नाही.

पुढचा विचार लोखंडाचा. लोहार कोयता करतो तो पुष्कळदा गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून. त्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो. पातं लालबुंद तापतं, लोहचुंबकाला चिकटेनासं होतं, तेव्हा ते पाण्यात किंवा तेलात बुडवतात. हे पाणी देणं. त्याने पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून पुन्हा मंद तापवून, कडेवर गवती पिवळा रंग आला की थांबतात. पहिली पायरी धार टिकवते, दुसरी पातं तुटू देत नाही. विकतच्या चाकूचंही हेच गणित आहे: फार कडक पातं दगडावर आपटलं तर टवका उडतो, फार मऊ असलं तर रोज पाजवावं लागतं.

तळवलीची हवा खारी आणि दमट. साध्या कार्बन पोलादाला इथे एका पावसात तांबूस डाग पडतात. दर वापरानंतर पुसायची आणि खोबरेल तेलाचा थेंब फिरवायची सवय असेल, तर असं पातं घ्या; ते घरच्या दगडावर चटकन धार घेतं. ती सवय नसेल तर स्टेनलेस बरं. त्यात क्रोमियम साधारण तेरा टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे गंज उशिरा धरतो, मात्र पाजवायला वेळ लागतो. स्वतःला खरं उत्तर द्या: तुम्ही पुसणारे आहात की विसरणारे?

आता मूठ. डोळे मिटून धरा. करंगळी मुठीवर बसते का? हात ओला केला तर सटकते का? बोट पात्यावर घसरू नये अशी आड आहे का? मिटणारा चाकू असेल तर उघडल्यावर तो पक्का अडकतो का, पात्याच्या पाठीवर हलका दाब देऊन बघा. डोंगरासाठी स्थिर पात्याचा चाकू जास्त भरवशाचा, कारण त्यात हलणारा सांधाच नाही. पोलादाची पट्टी मुठीच्या टोकापर्यंत गेलेली असेल तर उत्तम.

मुठीनंतर म्यान. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेला माणूस सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा. त्याच्या कमरेला गारगोटीच्या पात्याचा, लाकडी मुठीचा छोटा सुरा होता, जेमतेम तेरा सेंटिमीटरचा. सोबत झाडाच्या तंतूंचं विणलेलं म्यान. आपल्या कोकणात कमरेला आकडी बांधून तीत कोयती अडकवतात, तीही हाताला सापडावी आणि अंगाला लागू नये म्हणूनच. धार जितकी महत्त्वाची, तितकीच ती ठेवायची जागा.

आता जे टाळायचं, त्याचा विचार करा. साप चावला तर चाकूने चिरा देऊ नका, रक्त काढू नका. माणसाला फारशी हालचाल करू न देता दवाखान्यात न्या. भांडणात चाकू बाहेर आला की भांडण संपत नाही, वाढतं. स्वसंरक्षण म्हणून घेतलेला चाकू बहुतेक वेळा स्वतःच्याच अडचणीचा ठरतो.

कायदाही मनात असू द्या. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे धारदार शस्त्रांत येतात; घरगुती आणि शेतीसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश असेल तेव्हा शस्त्र घेऊन फिरणं गुन्हा होतो. आणि ट्रेकरांना हे फारसं माहीत नसतं: 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चाकूसुद्धा शस्त्र आहे, आणि अभयारण्यात तो लेखी परवानगीशिवाय नेता येत नाही. हरिश्चंद्रगड आणि कळसुबाई अभयारण्यातच येतात, कर्नाळाही अभयारण्यच आहे. तिथे जाताना आधी वनखात्याला विचारा किंवा चाकू घरी ठेवा.

शेवटी एक काम हातात घ्या. खंडेनवमीला घराघरांत हत्यारं पुसून, कुंकू लावून पुजली जातात. हे वर्षातून एकदा. तुम्ही महिन्यातून एकदा तरी चाकू काढून बघा. धारेवर बोट आडवं, अलगद फिरवा, लांबीने कधीच नाही. धार एकसारखी लागते का, कुठे खाच आहे का, सांध्यात मळ आहे का? बोथट पात्याला जास्त जोर लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो.

तेव्हा घ्यायचा तर तीन-चार इंचांचा, सांधा नसलेला किंवा पक्का अडकणारा, म्यानासकट आणि तुम्हाला पाजवता येईल असा चाकू घ्या. भरवसा किमतीत नसतो. ज्याला पाजवायला तुम्ही रविवारी पाव तास देणार नाही, तो कितीही नामवंत असला तरी तो चाकू तुमच्यासाठी नाही.