दोरी कोणाच्या हाती?

स्वादुपिंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया करावी की नाही, हा प्रश्न डॉक्टरांचा वाटतो. मला तो आधी घराचा वाटतो. 'व्हिपल' शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय काढून उरलेले पुन्हा जोडतात. जिथे ती नेहमी होते तिथे दगावणारे शंभरात पाचाहून कमी. क्वचित होते तिथे अधिक. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगणारे साधारण पाचात एक. बहुतेकांची तर निदानाच्या आधीच वेळ टळलेली असते.

हे तोलायचे कोणी? धरणगावहून परळच्या टाटा रुग्णालयात माणूस न्यायचा तर घरात मशविरा होतो. शेत, कर्ज, भाईजानची रजा, सगळ्यांवर चर्चा. अब्बांना मात्र 'पोटात गाठ आहे' एवढेच. मग कोणी तवक्कुलचे नाव घेतो. आधी उंट बांध, मग तवक्कुल कर, हे आपण वर्गात शिकवतो. पण उंट ज्याचा, दोरी त्याच्या हाती नको का?

मनोहर पर्रीकरांच्या आजाराचे नाव गोवा सरकारने ऑक्टोबर 2018 मध्ये उघड केले. जानेवारी 2019 मध्ये नाकात नळी असताना त्यांनी अर्थसंकल्प मांडला, मार्चमध्ये ते गेले. उरलेल्या दिवसांचे काय करायचे, ते त्यांना ठरवता आले.

अब्बांनाही कुणाचे देणे फेडायचे असेल, वसीयत लिहायची असेल, रुसलेल्या भावाला भेटायचे असेल. टेबलावर जाण्यापूर्वीची ती चार दिवसांची मुदत आपण त्यांच्याकडून न विचारता घेतो, आणि वर म्हणतो, त्यांना धक्का बसू नये म्हणून.