कोपऱ्यातली पात्रं

हौसेनं चित्रमालिका काढणाऱ्याच्या वहीत एक दिवस असा येतो की पुढची चौकट सुचत नाही. वही कपाटात जाते. काही महिन्यांनी पुन्हा हुरूप येतो, तेव्हा बहुतेक जण नवी वही आणतात, नवा नायक शोधतात. जुन्या पानांकडे बघायला नको वाटतं. पण रखडलेली मालिका पुन्हा उभी करायची, तर जुनी पानं चाळण्याइतका चांगला उपाय नाही.

अमेरिकेतल्या बिल वॉटर्सन यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तरुणपणी त्यांना सिनसिनाटीच्या एका वृत्तपत्रात राजकीय व्यंगचित्रं काढायची नोकरी लागली आणि काही महिन्यांतच गेली. मग पोटासाठी किराणा मालाच्या जाहिरातींची मांडणी करायचं काम धरलं. त्यात मन रमेना. उरलेल्या वेळात ते चित्रमालिका काढून पाठवत आणि त्या साभार परत येत. त्यातल्या एका मालिकेबद्दल मात्र वृत्तपत्रांना मालिका पुरवणाऱ्या एका संस्थेनं कळवलं की यातला धाकटा भाऊ आणि त्याचा खेळण्यातला वाघ, ही दोन पात्रं छान जमली आहेत. दोघंही अगदी दुय्यम. वॉटर्सन यांनी त्यांनाच मध्यभागी आणलं. गंमत म्हणजे ही सूचना देणाऱ्या संस्थेनंच पुढे नवी मालिका नाकारली. दुसऱ्या संस्थेनं ती घेतली. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी ‘कॅल्विन अँड हॉब्स’ सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९९५ पर्यंत चालली. इतरांना जे नुसतं खेळणं दिसतं, ते त्या मुलाला बोलणारा, भांडणारा, जिताजागता वाघ दिसतं. सगळी गंमत त्यातच आहे.

चार्ल्स शुल्झ यांचंही काहीसं असंच. न्हाव्याचा हा मुलगा टपालानं येणाऱ्या धड्यांतून चित्रकला शिकला. सेंट पॉल शहरातल्या वृत्तपत्रात १९४७ पासून ते ‘लिल फोक्स’ नावाची लहान मुलांची हास्यचित्रं काढत. १९५० मध्ये ती बंद पडली. पण त्यातलं चार्ली ब्राउन हे नाव आणि एक मिश्कील कुत्रा त्यांनी सोडून दिला नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ‘पीनट्स’ सात वृत्तपत्रांत सुरू झाली. आता एका चित्राऐवजी सारख्या मापाच्या चार चौकटी होत्या. एका चित्रात एखादा विनोद मावतो. चार चौकटींत मुलाला गप्प राहायला, रुसायला, विचार बदलायला जागा मिळते. मुलं तशीच राहिली, त्यांना स्वभाव मिळाला. मालिका जवळजवळ पन्नास वर्षं चालली.

कोपऱ्यातली पात्रं अशी जिवंत का असतात? नायकावर आपण फार मेहनत घेतो. त्यानं हसवलंच पाहिजे, शहाणं बोललंच पाहिजे, असा धाक असतो. धाकट्या भावावर कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून तिथे हात मोकळा चालतो. आपल्या इतर कामांतही हे दिसतं. अर्धवट राहिलेलं शिवण असो, पेटीचा रियाज असो की मुलांसाठी लिहायला घेतलेल्या गोष्टी असोत, कुठे अडलं ते आपल्याला तोंडपाठ असतं. कुठे सहज जमलं होतं, ते मात्र आठवत नाही. कारण तिथे त्रास झालेला नसतो. अशा वेळी ते काम घरातल्या कुणाला तरी दाखवावं आणि एवढंच विचारावं, ‘यातलं तुला काय आवडलं?’ उत्तर अनपेक्षित आलं तर वाद घालू नये. आज संध्याकाळी सगळं काम संपवायचा निश्चय नको. जे सहज जमलं होतं, तेवढंच थोडं पुढे न्यावं.