बिल्ल्यावरचा एच

डॉग टॅगची, म्हणजे सैनिकाच्या गळ्यातल्या ओळखीच्या बिल्ल्याची, साखळी आखूड करायला सोनार लागत नाही. बारीक मण्यांची ती माळ. नको तेवढे मणी पक्कडीने तोडायचे आणि शेवटचा मणी आकडीत दाबून बसवायचा. अमेरिकी सैन्यात मात्र या लांबीशी मरणाचा हिशेब जोडलेला आहे. १९१६ मध्ये तिथे दुसरा बिल्ला आला. पुढे एक लांब साखळीत आणि दुसरा तिलाच अडकवलेल्या, वीतभरही नसलेल्या साखळीत, अशी पद्धत रूढ झाली. सैनिक पडला की एक बिल्ला देहासोबत राहतो, दुसरा नोंदीसाठी काढून नेतात.

दुसऱ्या महायुद्धात त्यावर धर्माचे अक्षरही ठोकलेले असे: प्रोटेस्टंटांना पी, कॅथलिकांना सी, ज्यूंना एच, म्हणजे हिब्रू. (जपानी वंशाच्या बौद्ध सैनिकांसाठी अक्षरच नव्हते, सरकारची कल्पनाशक्ती तिथे संपली.) हेतू साधा, अंत्यसंस्कार चुकू नयेत. पण नाझींच्या हाती जिवंत सापडलेल्या ज्यू सैनिकाच्या जिवावर तेच अक्षर उठू शकत होते. काहींनी एच घेतलाच नाही, काहींनी पकडले जाताना बिल्ले फेकून दिले.

हा धर्मत्याग का?

जीव वाचवण्यासाठी ज्यू धर्मशास्त्र जवळजवळ सगळे नियम मोडू देते. मूर्तिपूजेला मात्र सूट नाही. सोळाव्या शतकातले योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरुख’ हा धर्मनियमांचा ग्रंथ आणखी खोलात शिरतो. संकटात ओळख लपवायला वेश बदलता येतो, पण ‘मी परधर्मी’ असे तोंडाने म्हणता येत नाही. कारो स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या पिढीतले, तेव्हा ही घरबसल्या केलेली चिकित्सा नव्हे. मग बिल्ला हा वेश की बोल? फेकला तर वेश उतरवल्यासारखे. पी ठोकून घेतला तर धातूत उमटलेले खोटे विधान. फेकणेही फुकट नव्हते: बिल्ल्याविना सैनिक हेर ठरू शकत होता, आणि मेला तर बेवारस.

जानेवारी १९४५ मध्ये त्सीगेनहाइनच्या युद्धकैदी छावणीत जर्मन मेजरने फक्त ज्यूंना पुढे बोलावले. सार्जंट रॉडी एडमंड्स यांनी हजारावर अमेरिकी कैदी रांगेत उभे केले आणि आम्ही सगळेच ज्यू आहोत, असे सांगितले. मेजरने पिस्तूल रोखले, तेव्हा जिनिव्हा करारानुसार कैद्याने नाव, हुद्दा आणि क्रमांक एवढेच सांगायचे असते, हे त्यांनी त्याला ऐकवले. मेजर निघून गेला. एडमंड्स प्रोटेस्टंट होते.