नवी वही, मागील बाकी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नवी वही घालतो. आता बहुतेकांचे हिशेब संगणकात गेले आहेत आणि सरकारी आर्थिक वर्षही एप्रिलात सुरू होते. तरी पेठेतल्या जुन्या दुकानांतून लाल पुठ्ठ्याची एक वही पाटावर येतेच. तिच्यावर हळदकुंकू पडते, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिले जाते. मुलांना वाटते, वही नवी म्हणजे सारेच नवे. दुकानातल्या जुन्या मुनीमाला मात्र ठाऊक असते, की ‘श्री’खाली पहिली नोंद व्हायची ती जुन्या वहीतल्या शिलकेची. कोणाचे देणे राहिले, कोणाकडून येणे आहे, ते ‘मागील बाकी’ म्हणून पुढे ओढावे लागते. वही बदलली म्हणून जो देणे बुडवील, त्याने दिवाळी केली असे बाजार म्हणत नाही. दिवाळे काढले असे म्हणतो.

पैशाच्या व्यवहारातले हे शहाणपण सेवेच्या व्यवहारात आपण पाळतो का, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत आहे. मी तत्त्वज्ञान शिकलेला मनुष्य नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर. तेव्हा हा प्रश्न मला जिथे भेटला, तिथूनच तो मांडतो.

आमचे घर ख्रिस्ती आहे आणि गाव अहिल्यानगर जिल्ह्यातले. या जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये बदलले. परंतु नगर म्हटले की जुन्या ख्रिस्ती माणसाला अजून अमेरिकन मराठी मिशन आठवते. त्या मिशनने १८३१ मध्ये नगरला आपले ठाणे केले आणि पुढे खेडोपाडी शाळा, दवाखाने आणि लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. आमची मंडळी त्यांतलीच एक. साठेक घरांची.

आमचे धार्मिक वर्ष जानेवारीच्या पहिल्या तारखेला सुरू होत नाही. पुष्कळ ख्रिस्ती पंथांत ते नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाने सुरू होते. दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवला, की थोड्याच आठवड्यांत हा रविवार येतो. त्या सुमारास मंडळीत मोठी लगबग असते. समित्या नव्याने बसतात, संडे स्कूलला नवे शिक्षक नेमले जातात, महिला मंडळ आणि तरुण संघ आपापले कार्यक्रम ठरवतात. आणि पाळकसाहेब उपदेशात हमखास सांगतात, ‘नव्या वर्षी आपण आपली सेवा नवी करू या.’

सेवा नवी करायची म्हणजे नेमके काय करायचे? बाप्तिस्मा एकदाच होतो. पाळकाची दीक्षाही एकदाच होते. दर वर्षी कोणी त्याच्या मस्तकावर नव्याने हात ठेवत नाही. एकदा दिलेला शब्द पुन्हा पुन्हा द्यावा लागत असेल, तर पहिला शब्द कच्चा होता असे होत नाही का?

हा प्रश्न फार जुना आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन बादशहा डायोक्लेशियन याने ख्रिस्ती लोकांचा छळ केला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्मगुरूंनी भीतीने आपली पवित्र पुस्तके सरकारी माणसांच्या हवाली केली. छळ संपल्यावर वाद माजला. डोनाटस नावाच्या बिशपाच्या अनुयायांनी म्हटले, अशा भ्याडांच्या हातून झालेला बाप्तिस्मा फुकट आहे; तो पुन्हा झाला पाहिजे. हा वाद शंभर वर्षे धुमसला. त्याला हिप्पो, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबा शहराचा बिशप ऑगस्टीन याने दिलेले उत्तर चर्चने मान्य केले. त्याचा आशय असा, की बाप्तिस्म्याचे मोल देणाऱ्याच्या योग्यतेवर नसते. तो ख्रिस्ताचा असतो. म्हणून तो पुन्हा करायचा नाही.

मास्तराच्या भाषेत सांगायचे, तर आळशी मास्तराने शिकवले म्हणून बे दुणे पाच होत नाहीत. चारच होतात. परंतु वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला विचारा. मास्तरांचे लक्ष पाढ्याकडे आहे, आपल्याकडे आहे, की घड्याळाकडे आहे, हे त्याला बरोबर कळते. बे दुणे चार खरेच राहतात. पण ते त्याच्यापर्यंत पोहोचतातच असे नाही. नवे करायचे असते ते हे पोहोचणे. दिलेला शब्द जुनाच असतो. तो ज्याला दिला, त्याच्याकडे पुन्हा तोंड वळवायचे असते.

यात एकटा पाळकच गुंतलेला असतो असेही नाही. इंग्लंडात मेथॉडिस्ट चळवळ उभारणारा जॉन वेस्ली याने ऑगस्ट १७५५ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातल्या एका फ्रेंच चर्चमध्ये देवाशी केलेला करार नवा करण्याची उपासना घेतली. सुमारे १८०० माणसे संमतीदाखल उभी राहिली. ती काही सगळी दीक्षित माणसे नव्हती. साधे उपासक होते. पुढे ही उपासना नव्या वर्षाच्या आरंभी करण्याचा प्रघात मेथॉडिस्ट मंडळ्यांत पडला. उभे राहणे सोपे असते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. अठराशेंपैकी घरी गेल्यावर किती जण उभे राहिले, याची गणती कोण करणार!

आमच्या मंडळीत गेल्या वर्षी आगमनकाळापूर्वी एक बैठक झाली. लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे होते. तरुण संघाने यादी आणली होती : नवा कीबोर्ड, चांगले माईक, उपासना मोबाइलवर दाखवण्याची सोय आणि नाताळाला मोठे नाटक. मुले उत्साही होती, यादीत वावगे काही नव्हते. खजिनदारांनी मात्र चष्मा पुसत सांगितले, की पैसे पुरले तर यातल्या एकाच गोष्टीला पुरतील.

मग मागच्या बाकावरून आमच्या ताई बोलल्या. ताई म्हणजे सेवानिवृत्त परिचारिका. लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणतात. त्या म्हणाल्या, ‘मास्तर, नवीन काय करायचं ते मग लिहा. आधी एवढं लिहा, की मागल्या आगमनकाळापासून आपण ज्यांच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, अशी घरं किती?’

मोजणी झाली. अकरा घरे निघाली. त्यांतली सात ऊसतोडीला जाणाऱ्यांची होती.

आमच्याकडचा हा योगायोग शहरातल्या वाचकांना सांगितला पाहिजे. दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. नगर-बीडकडच्या कोरडवाहू गावांतली माणसे मुकादमाकडून उचल घेतात, बायकापोरांसह ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात आणि उसाच्या मुलखात जाऊन कोपी घालून राहतात. ती परततात उन्हाळ्यात. म्हणजे मंडळीचा नवा हंगाम सुरू होतो त्याच दिवसांत ही घरे रिकामी झालेली असतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या गळ्यात पडलेली नातवंडे. उचल फिटली नाही, तर तीही पुढच्या हंगामावर ओढली जाते. मागील बाकी म्हणजे काय, हे या माणसांना आपण शिकवायला नको.

ताईंच्या बोलण्यावर तरुण संघाचा एक मुलगा उठला. तो उद्धटपणे बोलला नाही, म्हणून त्याचे म्हणणे मला अधिक लागले. तो म्हणाला, ‘ताई, तुमचं खरं आहे. पण आम्हीच मंडळीत टिकलो नाही, पुण्याला गेलो ते गेलोच, तर दहा वर्षांनी या घरांत जायला कोण असेल?’

बैठक काही वेळ गप्प झाली. एका बाजूला, आज ज्याच्याकडे कोणी गेले नाही तो म्हातारा. दुसऱ्या बाजूला, उद्या जो जायचा तो तरुण. दोघांचाही हक्क खरा आणि पैसा व माणसे मोजकी. ‘दोन्ही करा’ म्हणणे सोपे असते, आणि पुष्कळदा ती काहीच न करण्याची सभ्य रीत असते.

पुढे ठरले ते असे. मोठे नाटक रद्द झाले. वाचलेल्या पैशांतून पेट्रोलची सोय झाली आणि मुलांनी दोघादोघांनी दर रविवारी उपासनेनंतर मोटारसायकलवरून जवळच्या कारखान्याच्या कोप्यांवर जायचे ठरवले. म्हाताऱ्यांची घरे महिला मंडळाने वाटून घेतली. सारे सुरळीत पार पडले असे मी भासवणार नाही. चौथ्या रविवारी जायला एकच जोडी उरली होती. पण ती जोडी हंगाम संपेपर्यंत जात राहिली, आणि तिच्यात ताईंना प्रश्न विचारणारा तो मुलगा होता.

या सगळ्यावरून मला जे वाटते ते असे. सेवा नवी करताना पहिला प्रश्न ‘नवे काय?’ हा नसावा, ‘राहिले कोण?’ हा असावा. दुसरा प्रश्न, ‘त्यासाठी सोडायचे काय?’ हा असावा. काहीच न सोडता केलेले नवीकरण म्हणजे जुन्या यादीखाली जोडलेल्या चार नव्या ओळी.

आमच्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात याचे दाखले आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. काम चांगले चालले होते. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. शेकडो मुली आल्या आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. त्यांच्या सेवेला नवे रूप आले ते कोणत्या तिथीने नव्हे, समोर आलेल्या भुकेने. शेतकरी नक्षत्र पाहतो, पण पेरतो वापसा आल्यावर. नक्षत्र पंचांगात असते. वापसा मातीत हात घालून पाहावा लागतो.

नारायण वामन टिळकांची गोष्ट याहून धारदार आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने नगरास मिशनच्या आश्रयाने पुष्कळ वर्षे काम केले. १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षे उलटलेली असताना, त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा ख्रिस्ताच्या सर्व शिष्यांनी तिथे एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना होती. त्यांना त्यापुढे दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबार अपुरा राहिला, आणि ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने पतीच्या अपुऱ्या पानाखाली आपले पान जोडले. टिळकांनी सोडून दाखवले, लक्ष्मीबाईंनी उचलून दाखवले. मला ही दोन्ही एकाच नवीकरणाची दोन अंगे वाटतात.

मग तिथीची, नव्या हंगामाची काही गरजच नाही काय? काही ज्येष्ठ मंडळी असे म्हणतात खरी : मन जागे असेल तर रोजच नवे वर्ष, आणि झोपले असेल तर आगमनकाळाचे चारही रविवार फुकट. बोलणे मोठे आहे, पण ते मोठ्या माणसांसाठी. तुमच्याआमच्यासारख्यांना ठरलेला एक दिवस लागतो. वही घालायचा दिवस नेमलेला नसता, तर जुनी वही उघडून पाहण्याचे धैर्य कितीजणांना झाले असते? त्या बैठकीला निमित्त आगमनकाळाचे होते. म्हणून तर ताईंना विचारता आले.

वाचकहो, हा प्रश्न केवळ देवळाचा किंवा चर्चचा नाही. फराळाची ताटे भरताना घरातल्या कोणाच्या खोलीत आपण वर्षभर नुसते औषध ठेवून परत फिरलो, हेही याच वहीत येते.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे चार मेणबत्त्या मांडतात आणि एकच पेटवतात. दुसरी दुसऱ्या रविवारी, तिसरी तिसऱ्या. संडे स्कूलची लहान मुले दर वर्षी विचारतात, सगळ्या एकदम का लावत नाहीत? त्यांना सांगतो, बाळांनो, आज एवढीच सांभाळायची आहे. यंदाही ती लागेल तेव्हा सात घरांना कुलूप असेल, आणि उपासना सुटल्यावर मोटारसायकल कोणी काढायची, हे पुन्हा नव्याने विचारावे लागेल.