हिशेब मागणे म्हणजे अविश्वास का?



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्राम समितीत एक साधा ठराव झाला. रविवारच्या मिस्सेनंतर दानाची रक्कम यापुढे एकाने नव्हे, तर दोघांनी मिळून मोजावी आणि दोघांनीही वहीत सही करावी. ठराव एका मिनिटात मंजूर झाला. पण त्याच संध्याकाळी एक वयस्कर काका आमच्याकडे आले. वर्षानुवर्षे तेच ही रक्कम मोजत आले आहेत. त्यांच्या हातून कधी एका रुपयाचा फरक पडलेला नाही. खुर्चीवर न बसताच ते म्हणाले, "फादर, एवढ्या वर्षांनी माझ्यावर पहारा?"

आम्हांला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. "तसे नाही हो काका," एवढेच पुटपुटलो. हा लेख म्हणजे त्यांना उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि तो त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहोत. कारण काकांचा प्रश्न एका दानपेटीपुरता नाही. मोंढ्यातील आडत दुकान, जिनिंग, पतसंस्था, साखर कारखाना, जिथे म्हणून दुसऱ्याचा पैसा आपल्या हातातून जातो तिथे हा प्रश्न उभा राहतो. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडे हिशेब मागावा का? मागितला तर विश्वास उरतो का?

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. जुलै २०१७ मध्ये गंगाखेड पोलीस ठाण्यात गंगाखेड शुगर अँड एनर्जी या खासगी साखर कारखान्याच्या संदर्भात गुन्हा नोंदवला गेला. आरोप असा होता की हजारो शेतकऱ्यांच्या नावांवर, त्यांना न कळवता, अनेक बँकांतून सुमारे ३२८ कोटी रुपयांची कर्जे उचलण्यात आली. बँकेची नोटीस दारात आली तेव्हाच आपल्या नावावर कर्ज आहे हे समजले, असे अनेक शेतकऱ्यांचे म्हणणे होते. पुढे सक्तवसुली संचालनालयानेही चौकशी केली आणि डिसेंबर २०२० मध्ये सुमारे २५५ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. यात दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. निकालाआधी कोणाला चोर म्हणण्याची मुभा आठवी आज्ञा आपल्याला देत नाही.

पण त्या बातम्यांनी आपल्या प्रत्येकासमोर एक प्रश्न ठेवला आहे. ऊस नोंदवताना, तोडणीचा करार करताना, बचत गटाचे खाते उघडताना आपण सातबारा, ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो देऊन मोकळे होतो. कधी कोऱ्या कागदावर सहीही करतो. का, तर "आपलीच माणसे आहेत." पुढच्या टेबलावरचा माणूस कागद पाहतो आणि मागच्या टेबलावरच्या माणसावर विश्वास ठेवतो. अशा साखळीत प्रत्येक जण आधीच्यावर विसंबतो आणि प्रत्यक्ष खात्री कोणीच करत नाही. खरे तर कर्ज देणाऱ्याने कर्जदाराला समोर बसवून एकदाच विचारावे, "बाबा, हे कर्ज तुम्ही मागितले का?" एवढ्याने अशी लबाडी पहिल्याच दिवशी उघडी पडू शकते.

हे फक्त खेड्यातच घडते असे समजू नका. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर या नामांकित कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नाही. नफ्यातली लहानशी तफावत झाकण्यापासून सुरुवात झाली आणि ती वर्षागणिक फुगत गेली. २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. तिथे शिकलेले लोक होते, नावाजलेले लेखापरीक्षक होते. ठेवींचे कागद पाहिले गेले. पण ते खरे आहेत का, हे थेट बँकेला विचारून पक्के करण्यात कसूर झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लबाडी करतो कोण? आपल्या मनात लबाड माणसाचे एक चित्र असते, आणि आपला मुनीम, आपला सचिव, आपला भाचा त्या चित्रात बसत नाही. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन अभ्यासकाने पैशाच्या विश्वासघाताबद्दल तुरुंगात असलेल्या लोकांशी बोलून १९५३ मध्ये एक पुस्तक लिहिले. ही माणसे एके काळी विश्वासू होती. म्हणूनच तर त्यांच्या हाती पैसा आला होता. त्याच्या निष्कर्षांवरून पुढे अभ्यासकांनी तीन गोष्टींची सांगड घातली. पहिली म्हणजे कोणाला सांगता न येणारी अडचण: मुलीचे लग्न, दवाखाना, व्याजाचे कर्ज, व्यसन. दुसरी म्हणजे संधी: चावी आपल्याच हातात, वहीही आपल्याच हातात. तिसरी म्हणजे मनाची समजूत: "चोरतो कुठे, उसने घेतोय, दिवाळीला परत टाकीन."

या तिन्हींकडे नीट पाहा. अडचण आणि समजूत त्या माणसाच्या आत असतात, ती आपल्याला दिसत नाहीत. संधी मात्र बाहेर असते, आणि ती आपणच ठेवलेली असते. पश्चात्तापाच्या प्रार्थनेत आपण पापाचे प्रसंग टाळण्याचे वचन देतो. ते वचन फक्त स्वतःपुरते आहे का? अडचणीत सापडलेल्या भावासमोर उघडी तिजोरी ठेवून, "माझा तुझ्यावर विश्वास आहे" असे म्हणणे, याला प्रेम म्हणावे की निष्काळजीपणा? प्रभू येशूबरोबर फिरणाऱ्या बारा जणांच्या लहानशा थैलीतूनही पैसे जात होते, हे योहानाच्या शुभवर्तमानाने लपवलेले नाही. तिथे हे घडले, तर आपल्या दुकानात घडणार नाही अशी खात्री आपण कशाच्या बळावर देतो?

म्हणून आमचे उत्तर असे आहे: हिशेब मागणे हे माणसाच्या चारित्र्यावर दिलेले मत नाही. ते त्याच्या वाटेवरचा मोहाचा दगड बाजूला करणे आहे. प्रामाणिक माणसाला त्याचा दुहेरी फायदा होतो. मोह टळतो, आणि उद्या कुठे फरक पडला, तर त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. काका, दुसरी सही ही तुमच्या बाजूची साक्ष आहे.

मोठ्या कंपन्यांना यासाठी कायदे आहेत. आपल्या लहान व्यवहारांना काही साध्या सवयी पुरतात. रोकड ज्याच्या हाती, वही त्याच्या हाती नको. पावतीपुस्तकाला क्रमांक हवेत, आणि रद्द केलेली पावतीही पुस्तकातच राहिली पाहिजे. बँकेचा उतारा आणि आपली वही दर महिन्याला ताडून पाहावी, आणि ते काम चेकवर सही करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने करावे. मालाची मोजणी कधी तरी न सांगता करावी. जो मुनीम वर्षानुवर्षे एक दिवसही रजा घेत नाही, त्याचे कौतुक जरूर करावे, पण त्याला आठ दिवस रजेवर पाठवून काम दुसऱ्याकडे द्यावे. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही कधीच करू नये. आणि सहकारी संस्थेचे आपण सभासद असाल, तर वार्षिक सभेत "मंजूर, मंजूर" म्हणून चहाकडे वळण्याआधी लेखापरीक्षणाचा अहवाल मागा. शेवटचा तपासलेला ताळेबंद पाहणे हा सहकार कायद्याने सभासदाला दिलेला हक्क आहे.

पण लबाडी आधीच सुरू झाली असेल आणि ती आपल्या डोळ्यांना दिसली असेल, तर?

आपल्या ओळखीचा एक तरुण कापसाच्या व्यापारात कारकून होता. ओळख पटू नये म्हणून अधिक सांगत नाही, आणि हेही त्याच्या संमतीनेच लिहीत आहोत. खरेदीच्या वहीत काही शेतकऱ्यांची नावे अशी होती की त्यांची गाडी काट्यावर कधी आलीच नव्हती. रक्कम मात्र रोख दिल्याची नोंद होती. मॅनेजर म्हणाला, "तू फक्त सही कर." याच मॅनेजरने त्याला नोकरी लावली होती, बहिणीच्या लग्नात मदत केली होती. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमानी कशी करू?"

आम्ही त्याला विचारले, "मीठ नक्की कोणाचे?" पगार देत होता मालक. मालकाचा पैसा येत होता शेतकऱ्याच्या कापसातून. मॅनेजरचे उपकार खरे होते आणि त्यांची फेड त्याने आयुष्यभर करावी. पण ती खोट्या सहीने करता येत नाही. उपकाराची परतफेड दुसऱ्याच्या पैशातून करणे ही कृतज्ञता नव्हे.

त्याचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. आधी मॅनेजरलाच एकांतात सांगावे की थेट मालकाकडे जावे? भावाचा अपराध आधी एकांतात दाखवावा, अशी प्रभूची शिकवण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी या शिकवणीचा बारकाईने विचार केला आहे. जे गुप्त पाप दुसऱ्यांना इजा करीत आहे, ते लगेच योग्य व्यक्तीला कळवावे, असे ते म्हणतात. अपवाद एकच: एकांतातल्या समजावणीने ती इजा नक्की थांबेल अशी खात्री असेल तर. पैशाच्या लबाडीत ही खात्री क्वचितच असते. आधी इशारा दिला, तर वही गायब होण्याचीच भीती अधिक.

मग ही चुगली नव्हे का? चुगलखोर ऐकीव गोष्ट चहाच्या टपरीवर सांगतो. साक्षीदार स्वतः पाहिलेलेच सांगतो, ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्यालाच सांगतो आणि आरोपीची बाजू ऐकून घ्या असेही म्हणतो. जगभरच्या फसवणूक तपासनीसांच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार सुमारे ४३ टक्के प्रकरणे कोणी तरी कळवल्यामुळे उघडकीस आली, आणि कळवणाऱ्यांत निम्म्याहून अधिक त्याच ठिकाणचे कर्मचारी होते. म्हणजे यंत्रणा कितीही असोत, शेवटी एका माणसाच्या धैर्यावर बरेच अवलंबून असते.

तो तरुण मालकाकडे गेला. तारीखवार नोंदी दाखवल्या, स्वतःचा एकही तर्क जोडला नाही. मालकाने काट्याच्या पावत्या आणि वही ताडून पाहिली. मॅनेजरला जावे लागले. याचा शेवट गोड झाला असे आम्ही सांगणार नाही. मॅनेजरच्या घरचे लोक अजूनही त्याच्याशी बोलत नाहीत. सत्याची किंमत असते आणि बऱ्याचदा ती सांगणारालाच मोजावी लागते. अशा माणसाला एकटे पडू न देणे हे मात्र आपल्या हातात आहे. तो मिस्सेला येतो तेव्हा त्याच्याशेजारी जाऊन बसा.

आणि ज्याच्या हातून चूक घडली आहे, त्याच्यासाठीही दोन शब्द. पापनिवेदनात क्षमा मिळते, पण घेतलेला पैसा परत करण्याची जबाबदारी संपत नाही. जक्कयने नुसते अश्रू ढाळले नाहीत, चौपट परत देण्याचे ठरवले. एकदम जमत नसेल, तर थोडे थोडे द्या, पण सुरुवात करा.

आता पुन्हा काकांकडे. हे सारे आम्ही त्यांच्या घरी जाऊन त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि मग विचारले, "ठीक आहे फादर. पण तुमच्या हातातला खर्च कोण तपासतो?"

प्रश्न रास्त होता. आम्ही बिशपांना दर वर्षी हिशेब देतो, आणि धर्मग्रामात अर्थ समिती असावी असा ख्रिस्तसभेचा कायदाच आहे. पण आमच्या किरकोळ खर्चाची वही त्या समितीने कधी उघडून पाहिली नव्हती, आणि आम्हीही ती कधी पुढे केली नव्हती. आमच्यावर सर्वांचा विश्वास होता ना! त्या विश्वासाच्या उबेत आम्ही आरामात बसलो होतो.

आता ती वही दर महिन्याला दोघे जण तपासतात, आणि तिमाही जमाखर्च चर्चच्या फलकावर लागतो. तपासणाऱ्यांपैकी एक ते काकाच आहेत. पहिल्याच महिन्यात त्यांनी आमची चाळीस रुपयांची बेरीज चुकल्याचे दाखवले. आम्हांला क्षणभर राग आला, हे कबूल करतो. मग त्या संध्याकाळी खुर्चीवर न बसलेले काका आठवले.

प्रभू आपल्या सर्वांना हिशेब मागण्याचे धैर्य आणि हिशेब देण्याची नम्रता देवो.

आपले धर्मगुरू